चार कॅसेटी, थोडी बुरशी आणि मिस्टर बीन

दुकानाचं नाव सांगणं अवघड आहे. पाटीवर एक आहे, पावतीवर दुसरंच, आणि कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत विचारलं तर लोक 'कॅसेटवाल्याचं होय?' म्हणून जिन्याकडं बोट दाखवतात. वर एकच खोली. तीन व्हीसीआर, पिक्चर ट्यूबचा एक जुना टीव्ही, एक कॉम्प्युटर आणि खाली धान्याच्या दुकानातून वर येणारा पोत्यांचा वास. व्हीएचएस कॅसेट द्यायची आणि पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायची, एवढाच आता त्यांचा धंदा. येतात त्या बहुतेक लग्नाच्या कॅसेटी. माझ्या चार होत्या आणि चारही विलायती विनोदाच्या.

आधीच सांगून टाकते, दुकानदार माझा विद्यार्थी निघाला. तेव्हा कौतुक थोडं कमी करून वाचा. तक्रारी मात्र जशाच्या तशा आहेत.

माझे धाकटे दीर लेस्टरला होजिअरीच्या कारखान्यात होते. नव्वदच्या दशकात ते सुट्टीवर आले की बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये टीव्हीवरून टेप केलेल्या कॅसेटी असायच्या. इंग्लंड आणि भारत दोन्हीकडं टीव्हीच्या चित्राची पॅल पद्धत, 625 रेषा आणि सेकंदाला 25 चित्रं, म्हणून त्या आमच्या व्हीसीआरवर बिनतक्रार लागायच्या. अमेरिकेतून भाच्यानं पाठवलेली कॅसेट मात्र नुसती लोळायची. तिकडचं एनटीएससी वेगळं.

आमचं घर शुक्रवार पेठेत. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी मागं टाकून 55 फुटांच्या वर गेली, तेव्हा खालच्या खोलीतला व्हीसीआर पाण्यात गेला. कॅसेटी माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. वाचल्या म्हणजे भिजल्या नाहीत इतकंच. कॅसेटीवरच्या छोट्या खिडकीतून बघितलं तर दोघींच्या फितीवर शिळ्या भाकरीवर येते तशी पांढरी बुरशी.

पिशवी टेबलावर ठेवली. त्यानं लेबलं वाचली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बाई, चार मेणबत्त्या देऊ का दाताळ्याचा दांडा?"

ही आमच्या नववीच्या वर्गातली गोष्ट. रॉनी नावाच्या दोन नटांच्या 'द टू रॉनीज' या इंग्रजी विनोदी कार्यक्रमात 1976 साली एक प्रसंग झाला होता. हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक 'फोर्क हँडल्स' मागतं, पण 'ह' गिळतं. दुकानदाराला ऐकू येतं 'फोर कँडल्स', आणि तो निमूटपणे चार मेणबत्त्या काढून ठेवतो. इंग्रजीतला 'एच' का गिळू नये हे शिकवायला मी तो वर्गात करून दाखवायची, दोन्ही रॉनी मीच. शिवाय हेही सांगायची, की मोठा रॉनी म्हणजे बार्कर आपलं लेखन जेराल्ड वायली या खोट्या नावानं पाठवायचा, नावाकडं बघून कुणी हसू नये म्हणून. 'एच' किती जणांचा सुधारला ठाऊक नाही. मेणबत्त्या मात्र राहिल्या लक्षात.

आता कामाचं. बुरशी असलेली कॅसेट तो थेट मशीनमध्ये घालत नाही, ही या दुकानाची पहिली जमेची बाजू. फीत वाचणारं हेड खराब होतंच, पण पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटीलाही बुरशी लागते. त्यानं माझ्यासमोर पाच स्क्रू काढून कॅसेट उघडली. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओलसर केलेल्या मऊ कापडातून फीत हळूहळू सरकवत नेली. कापडावर करडी रेघ उमटली. ती मला दाखवून त्यानं कापड बदललं. असं अकरा वेळा. उतरवून घ्यायला कॅसेट जितकी लांब तितकाच वेळ लागतो. तीन तासांची असेल तर तीन तास. व्हीसीआर नवीन मिळत नाहीत, जपानच्या फुनाई कंपनीनं 2016 मध्ये बनवणं थांबवलं. तो भंगारातून मेलेली मशीनं आणतो आणि एकाचं हेड, दुसऱ्याचा बेल्ट असं करून चालवतो.

दर कॅसेटीला 350 रुपये, बुरशी काढायचे 150 वेगळे. पेन ड्राइव्ह आपला.

आठ दिवसांनी घरी येऊन लावलं तर मिस्टर बीन फुगलेला! जुनं चित्र चारास तीनचं, ते यानं रुंद टीव्हीभर ताणलं होतं. बीनची ती लिंबू रंगाची, काळ्या बॉनेटची मिनी गाडी केएमटीच्या बसएवढी दिसायला लागली. त्यावर कडी म्हणजे मधल्या जाहिराती गायब. 'मिस्टर बीन' आयटीव्हीवर लागायचा, बीबीसीवर नाही, त्यामुळं मध्ये मध्ये जाहिराती होत्या. चहा, बिस्किटं, सोफ्याचा सेल. दिरांचं बोट पॉजवर उशिरा पडायचं म्हणून कधी बातम्यांचं शेपूटही यायचं. मला ते सगळं हवं होतं. त्यानं मदत म्हणून कापून टाकलं.

दुसऱ्या दिवशी परत जिना चढले. म्हणाला, "बाई, जाहिराती कोण बघतंय ओ?"

मी बघते. पण खरी चूक अशी, की कापायच्या आधी विचारलं नाही. त्यानं मान्य केलं आणि कॅसेट पैसे न घेता पुन्हा लावली, आणखी सहा दिवस गेले. तुम्ही जाल तेव्हा पावतीवर लिहून घ्या: काही कापायचं नाही, चित्र ताणायचं नाही.

मग रविवारी सासूबाईंना समोर बसवलं. वय 86, इंग्रजीशी संबंध 'थँक्यू'पुरता. 1 जानेवारी 1990 चा पहिला भाग, त्यातला चर्चचा प्रसंग. बीनला झोप आवरत नाही. आधी मान, मग कंबर, मग अख्खा माणूस बाकाखाली घसरतो. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या भजनात मी अशीच पेंगतो की गं." पुढं सगळे उभे राहून गातात. बीनला शब्द येत नाहीत, तो ओठ हलवत पुटपुटतो आणि 'हालेलुया' आलं की छप्पर उडेल असा ओरडतो. इथं त्यांना ठसकाच लागला. मला काही समजावून सांगावं लागलं नाही. गणपतीच्या आरतीत मधली कडवी पुटपुटून 'जय देव जय देव'ला आवाज चढवणारी निम्मी गल्ली त्यांनी आयुष्यभर ऐकली आहे.

रोवन ॲटकिन्सननं हे पात्र 1987 मध्ये माँट्रियलच्या विनोद महोत्सवात मुद्दाम फ्रेंच बोलणाऱ्यांच्या कार्यक्रमात करून पाहिलं होतं, इंग्रजी न येणारा हसतो का ते बघायला. शुक्रवार पेठेतला निकालही आता हाती आला आहे.

'फॉल्टी टॉवर्स' त्यांना चढला नाही. तो बोलण्याचा कार्यक्रम, मला स्वतःला सर्वांत आवडतो. सगळे मिळून 12 भाग, सहा 1975 मध्ये आणि सहा 1979 मध्ये. गिऱ्हाईक म्हणजे आपल्यावर आलेलं संकट असं मानणारा हॉटेलमालक. तसले दोनतरी आपल्या स्टँडजवळ आहेत, नावं घेत नाही. ही कॅसेट सर्वांत स्वच्छ उतरली आहे.

तिसऱ्या कॅसेटीत 1971 च्या ख्रिसमसचा मोरकॅम्ब आणि वाइज या विनोदी जोडीचा कार्यक्रम आहे, पुनःप्रक्षेपणातून घेतलेला. त्यात आंद्रे प्रेव्हिन हा खराखुरा नामवंत संगीतकार वाद्यवृंद घेऊन उभा, आणि पियानोवर एरिक मोरकॅम्ब ग्रीग या संगीतकाराच्या रचनेची वाट लावतो. प्रेव्हिननं हटकल्यावर त्याच्या कोटाला धरून तो बजावतो, की सूर मी सगळे बरोबरच वाजवतोय, क्रम तेवढा बरोबर असेलच असं नाही. आमचे हे पेटी वाजवायचे. देवल क्लबला जाऊन मोठमोठ्यांना ऐकलेले. ही जागा आली की रिमोट हातात, मागं, परत मागं. शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. तिथं फीत इतकी झिजली आहे की नेमकं त्या वाक्याला पडद्यावर पांढऱ्या रेघा नाचतात. बाकी दीड तासात एक रेघ नाही.

दुकानदार म्हणाला, "सॉफ्टवेअरनं घालवू का रेघा?" या वेळी विचारलं त्यानं. मी नको म्हटलं.

चौथी कॅसेट अजून तिकडंच आहे. फीत तुटली आहे, तुकडा जोडून दुसऱ्या कवचात बसवायची आहे, आणि चांगल्या स्प्रिंगचं कवच भंगारात मिळेना. लेबलावर दिरांच्या अक्षरात नुसतं 'मजा' लिहिलंय. आत काय आहे ते दिरांनाही आठवत नाही, फोन करून विचारलं. दुकान सोमवारी बंद असतं, आणि जिन्याची चौथी पायरी हलते.