जुनी इलेक्ट्रिक गिटार, नऊ महिन्यांनंतर: दिसलेले टवके आणि न दिसलेले खड्डे

गेल्या ऑक्टोबरात पुण्यात कर्वेनगरमधल्या एका कॉलेजच्या पोराकडून स्ट्रॅट धाटणीची (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी) काळी गिटार साडेआठ हजारांत घेतली. फोटोत चकचकीत होती. गॅलरीत उन्हात धरली तेव्हा खरं रूप दिसलं. खालच्या कडेला नखाएवढा रंगाचा टवका उडालेला, पाठीवर पट्ट्याच्या बकलाने कोरलेलं रेघोट्यांचं जाळं. मी तोंड वाकडं करून हजार रुपये पाडून घेतले. "दादा, वाजवून तर बघा," पोरगा म्हणाला. वाजवली, पण लक्ष सगळं त्या टवक्याकडे.

त्या टवक्याने आजवर काडीचा त्रास दिलेला नाही. हल्लीच्या स्वस्त गिटारींवर पॉलीचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या लॅकरचा, जाड थर असतो, तो आपटला की काचेसारखा उडतो. कड हाताला बोचायची म्हणून बायकोचं काळं नेलपेंट थरावर थर देऊन भरलं आणि २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासलं. जवळून कळतं. जवळून बघतंय कोण? जुन्या गिटारींवरच्या पातळ नायट्रोसेल्युलोज लॅकरसारखी ही गिटार देखणी मात्र झिजणार नाही. फेंडर १९९५ पासून मुद्दाम झिजवलेल्या 'रेलिक' गिटारी चढ्या भावाने विकते, तो थाट इथे विसरा.

नेक (गिटारीचा लांब दांडा) जिथे बॉडीत बसते तिथे केसाएवढा तडा दिसला तेव्हा मात्र पोटात गोळा आला. दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण केली. तडा खुणेपुढे सरकलेला नाही, म्हणजे तो बहुधा रंगाचाच, लाकडाचा नव्हे.

खरा फटका बसला फ्रेट्सचा, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचा. पहिल्या तीन फ्रेटवर, बारीक तारांच्या खाली, खड्डे पडलेले. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे तेच ओपन कॉर्ड वाजवले असणार. फ्रेटच्या धातूला निकेल सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. पोलादी तार त्याला हळूहळू खातेच. दुसऱ्या तारेवर बेंड मारला (तार आडवी ओढली) की तार खड्ड्यात अडकायची, सूर झणझणायचा. फ्रेट घासून, सपाट करून, पुन्हा गोलाई देऊन घेतले: बावीसशे रुपये. हजार वाचवले होते ना! मोबाइलचा टॉर्च फ्रेटबोर्डला समांतर धरला असता तर हे खड्डे दोन मिनिटांत दिसले असते.

व्हॉल्यूमच्या नॉबची खरखर तपकीर गल्लीतून आणलेल्या कॉन्टॅक्ट क्लीनरने गेली. पिकगार्डवरचे (तारांखालच्या प्लास्टिकच्या पत्र्यावरचे) ओरखडे तसेच ठेवलेत.

ब्रिजच्या (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाच्या), तारांची उंची ठरवणाऱ्या बारीक स्क्रूंवर तांबूस डाग होते, ते मी 'दिसायला वाईट' एवढ्यावरच सोडले होते. जूनचा पाऊस सुरू झाला आणि दोन स्क्रू पार जाम. तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवल्यावर एक सुटला. दुसऱ्याचं, म्हणजे पाचव्या तारेच्या सॅडलच्या (तारेखालच्या आधाराच्या) स्क्रूचं भोक ॲलन की फिरवून फिरवून गुळगुळीत झालंय, त्यामुळे ती तार अजून अर्धा मिलिमीटर उंचच आहे.