पाहुण्यांसाठी शाकाहारी थाळी: अनलिमिटेड की गोमंतकीय शिवराक?

कुलदेवाच्या दर्शनाला पुण्या-मुंबईहून, बेळगावहून पाहुणे यायचे ठरले की आमच्या घरात राहण्याच्या सोयीआधी दुपारच्या जेवणाचा विचार सुरू होतो. त्यांत आजी-आजोबा असतात, कुणाचा सोमवार असतो, कुणी कांदा-लसूणही खात नाही. मासळीची हॉटेले पावलोपावली असलेल्या गोव्यात या मंडळींना सुखाने कुठे जेवू घालावे? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाटा दोनच. एक, शहरांतल्या एसी हॉटेलांत मिळणारी गुजराती-राजस्थानी धर्तीची अनलिमिटेड थाळी. दुसरी, गोमंतकीय शिवराक, म्हणजे शुद्ध शाकाहारी थाळी. ही फोंड्याकडे देवळांच्या आसपास आणि पणजी, म्हापसा, मडगावच्या काही जुन्या शाकाहारी हॉटेलांत दुपारची मिळते. उडुपी पद्धतीचे मील्स तिसरे म्हणता येईल. सांबार, रसम, दही-भात, सगळे नीटनेटके असते आणि खिशालाही परवडते. पण तेच जेवण पुण्यातही तितकेच चांगले मिळते, म्हणून ते इथे बाजूला ठेवतो.

अनलिमिटेड थाळीच्या जमेच्या बाजू मनापासून मान्य करायला हव्यात. उन्हातून देवळे करून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना थंड जागा, टेकून बसायची खुर्ची आणि स्वच्छ बाथरूम लागते, ते तिथे हमखास मिळते. बारा-पंधरा माणसे एका रांगेत बसतात. लहान मुले ढोकळा, पुरी आणि श्रीखंडावर खूश असतात. एखादी भाजी आवडली नाही तर चार दुसऱ्या असतातच. आमरसाच्या दिवसांत तर वाटीवर वाटी रिचवणारे आमचे एक मेहुणे आहेत, त्यांना दुसरीकडे न्यायचा विषयच मी काढत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ही हॉटेले रात्रीही चालू असतात.

तरीही मी हल्ली पाहुण्यांना शक्यतो तिथे नेत नाही. कारण एकच, भात.

अनलिमिटेड थाळीत भात शेवटी येतो. ताट मांडल्याबरोबर फरसाण पडते, गोड पडते, वाट्या भरतात आणि फुलक्यांची फेरी सुरू होते. वाढपी तत्पर असतात. हातातला फुलका अर्धा व्हायच्या आत दुसरा ताटात असतो, त्यावर तूप असते, आणि नको म्हणून हात आडवा धरला तरी "एक तो लीजिए" असतेच. त्यांच्या दृष्टीने तो पाहुणचार आहे आणि त्यात खोट काही नाही. पण ज्याचे जेवण भातापासून सुरू होते त्याचे पोट तिथेच भरते. आमच्या काकू जन्मभर गोव्यात राहिलेल्या. पणजीतल्या एका हॉटेलात त्यांनी बसल्याबसल्या भात मागितला. वाढप्याने मान डोलावली आणि फुलके आणले. पुन्हा मागितला, तेव्हा पुरी आली. भात आला तो इतरांचे गोड संपत आल्यावर, डावभर, आणि तोवर काकूंनी ताटावर हात धुवायची तयारी केली होती. त्या काहीच बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र पेजेचे पातेले चुलीवर चढले.

त्यानंतर मी सवय केली की ऑर्डर देतानाच "आधी भात" असे ठासून सांगायचे. भात आधी आला, पण तरी जमले नाही. तेव्हा लक्षात आले की गोष्ट नुसत्या क्रमाची नाही. त्या थाळीतल्या भाज्या फुलक्यासाठीच केलेल्या असतात. पनीरची दाट ग्रेव्ही, तेलावर परतलेला बटाटा, मसाला भरलेले वांगे, हे सगळे फुलक्याच्या तुकड्यात उचलायचे पदार्थ. भातावर ओतण्यासारखे म्हणजे गोडसर डाळ आणि गोडसर कढी. पहिला घास बरा लागतो, तिसऱ्या घासाला तोंड मिठ्ठ होते. हा गुजराती स्वयंपाकाचा दोष मुळीच नाही. खिचडी-कढीसारखा सुरेख शेवट त्यांच्याचकडे आहे. पण भातखाऊ माणसाला तिथे मधला सगळा प्रवास परक्या घरातून करावा लागतो.

शिवराक थाळीत सगळे भाताभोवती फिरते. कित्येक ठिकाणी बसल्याबरोबर विचारतात, उकडा की सुरय, म्हणजे साधा पांढरा भात? पाहुण्यांना सुरयच सांगा. उकड्या तांदळाचा जाड, लालसर भात सवय नसेल तर घशाखाली उतरायला वेळ लागतो. मी स्वतः उकडाच घेतो. मग वरण येते, आळसांद्यांचे (चवळीसारख्या कडधान्याचे) किंवा काजूंचे तोंडाक, म्हणजे नारळाच्या वाटणातली दाट आमटी, एखादी सुकी भाजी खोबरे पेरलेली, सुरणाच्या किंवा नीरफणसाच्या रवा लावून तळलेल्या फोडी, पापड, लोणचे आणि सोलकढी. मुगागाठी असतील तर दिवस चांगला. मोड आणून सोललेले मूग नारळाच्या रसात अख्खे राहिले पाहिजेत, आणि ते तसे राहिले आहेत की लगदा झाला आहे यावरून स्वयंपाकघरात कोण उभे आहे ते कळते.

आणि खतखते, म्हणजे बऱ्याच भाज्यांची एकत्र केलेली दाटसर भाजी. पाहुण्यांना खरे म्हणजे यासाठीच न्यायचे. तुरीची डाळ, वाटलेले खोबरे, सुरण, मुळा, भोपळा, कच्ची केळी, शेवग्याची शेंग, मक्याच्या कणसाचे तुकडे, ज्या दिवशी जे मिळेल ते. त्यात आंबटपणाला सोलां, म्हणजे आमसुले, थोडा गूळ आणि तिरफळे. झाकण काढले की आधी तिरफळाचा तो तिखट, लिंबाच्या सालीसारखा वास येतो आणि मग खोबऱ्याचा. चतुर्थीला घरोघरी हे होते, भाज्या जितक्या जास्त तितके चांगले. कांदा-लसूण नसते, त्यामुळे सोवळ्यातल्या माणसालाही चालते. पाहुण्यांना एवढेच आधी सांगून ठेवा की तिरफळ चावायचे नाही, बाजूला काढायचे. चावले तर जिभेला मुंग्या येतात आणि पुढचे दोन पदार्थ वाया जातात.

बाहेरच्यांचा असा समज असतो की गोव्यात शाकाहारी जेवण म्हणजे माशाच्या थाळीतून मासा उचलून उरलेले. मासळीच्या हॉटेलांत जी व्हेज थाळी मिळते तिच्याबद्दल ते बऱ्याचदा खरेही असते, म्हणून तिथे मी शाकाहारी पाहुण्यांना नेत नाही. पण शिवराक स्वयंपाक ही मासे खाणाऱ्या घरांचीच सोमवारची, श्रावणातली, देवकार्याची शिदोरी आहे. फोंड्याकडे ती अधिक का सापडते, त्याचे कारणही देवळांत आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळे पाडू लागले तेव्हा कुठ्ठाळीहून मंगेश, केळशीहून शांतादुर्गा, वेर्ण्याहून म्हाळसा असे देव नदीपलीकडे या भागात आणले गेले. तेव्हा तो मुलूख पोर्तुगिजांच्या हाती नव्हता. देवांमागून भाविक आले, त्यांच्या उतरण्यासाठी अग्रशाळा, म्हणजे देवळांच्या धर्मशाळा झाल्या, आणि देवाच्या दारात कांदा-लसणाशिवाय माणसे जेवू घालायची रीत तिथे मुरली. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी ही सगळी फोंडा तालुक्यातच आहेत. दर्शन आणि जेवण एकाच फेरीत होते.

शिवराक थाळीच्या अडचणीही सांगायलाच हव्यात. ती दुपारची असते. दोन वाजून गेल्यावर गेलात तर तोंडाक संपलेले असते, अडीचनंतर कधी कधी भातही. संध्याकाळी याच हॉटेलांत पातळभाजी-पाव, मिरची भजी, बन आणि चहा मिळतो. छान मिळतो, पण ते जेवण नव्हे. जागा साध्या असतात, पंखा डोक्यावर गरगरत असतो, सोमवारी बाकासाठी थांबावे लागते. चपात्या मोजून दोन, आणि त्याही हातभर कौतुक करण्यासारख्या नसतात. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या, पोळी-भाकरीशिवाय न जेवणाऱ्या माणसाला तिथे अर्धपोटी उठावे लागेल. दुसरी वाटी भाजी मागितली तर बहुतेक ठिकाणी देतात, खतखत्याची मात्र शाश्वती नाही. सोलकढीतही फरक असतो. नारळाचा रस महाग झाला की पेल्यातला गुलाबी रंग पातळ होत जातो. अशा दिवशी मी नारळाशिवायची, हिंग-मिरचीची फोडणी दिलेली फुटी कढी आहे का विचारतो. ती प्रामाणिक असते.

पैशांचा हिशोब मांडत बसत नाही. मी जातो त्या ठिकाणांपुरते सांगायचे तर अनलिमिटेडच्या एका ताटाच्या पैशांत शिवराक थाळीवर दोघे जेवतात आणि वर चहा होतो. तुमच्याकडे वेगळा अनुभव असू शकेल.

मग कुणाला कुठे न्यावे? मंडळी रात्री पोचणार असतील, मुले जास्त असतील, किंवा एखाद्याला गुडघ्यांमुळे बाकावर बसवत नसेल तर निःसंकोच अनलिमिटेड थाळीला जा. पोळीवाली माणसे असतील तरी तिथेच. भातावर प्रेम करणारे एकजण जरी सोबत असेल आणि जेवण दुपारचे असेल, तर मी शिवराककडेच झुकेन. पावसाळ्यात तर दुसरा विचारच करू नये. तायकिळ्याची (टाकळ्याची) कोवळी भाजी, अळू, अंबाडे ही आंबट फळे घातलेली भेंडी, नशीब असेल तर अळम्यांचे, म्हणजे रानातल्या अळंब्यांचे तोंडाक, हे दिवस गेले की वर्षभर थांबावे लागते. उन्हाळ्यात आलात तर घोटांचे, म्हणजे छोट्या रायवळ आंब्यांचे सासव विचारा. मोहरी वाटून केलेल्या त्या आंबट-गोड रसात अख्खे आंबे असतात आणि कोय चोखून खायची लाज बाळगायची नसते.

माणसे आठाच्या वर असतील तर सकाळी नऊच्या सुमारास हॉटेलात फोन करून आकडा सांगा, कांदा-लसूण चालत नाही तेही तेव्हाच सांगा, आणि खतखते आहे का विचारा. नसेल तर दर्शनाचा दिवस एकाने पुढे-मागे होतो का ते पाहा. सोमवारी ते सापडण्याची शक्यता जास्त. बसताना वाढप्याला सुरय भाताचे सांगून टाकले की पुढे फक्त "आनीक शीत जाय?", म्हणजे आणखी भात हवा का, या प्रश्नाला हो म्हणायचे असते.