प्रीपेड की पोस्टपेड: बडोद्यातल्या घरासाठी वीजमीटर

दांडिया बाजारात एकटी राहणारी माझी मावशी विचारत होती, "रिचार्जचे मीटर घ्यावे, की दोन महिन्यांनी येणारे बिलच बरे?" मे 2024 मध्ये शहरात प्रीपेड स्मार्ट मीटरविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हापासून ही धास्ती अनेक घरांत आहे.

अनामत रकमेच्या बाबतीत प्रीपेड सरस आहे, कारण वीज कायदा 2003 च्या कलम 47 नुसार अशा ग्राहकाकडून ती मागता येत नाही. पोस्टपेडमध्ये मात्र वीज आधी वापरून पैसे नंतर भरता येतात, आणि पेन्शनवर चालणाऱ्या घराला हा मोठा आधार असतो.

खरा फरक हिशेबात आहे. प्रीपेडमध्ये रोजची वजावट मोबाइलवर दिसते, त्यामुळे रात्रभर चाललेल्या एसीची किंमत लगेच कळते. पण मावशीकडे बटणांचा साधा फोन आहे, आणि शिल्लक संपल्याचा संदेश न वाचल्यामुळे फ्रिजमधले दूध नासले, तर तो हिशेब तिच्या काय कामाचा? छापील बिलावरचे मागचे आणि चालू रीडिंग ती पेन्सिलीने वजा करून पडताळते. युनिट दोन्हीकडे सारखेच: 1000 वॉटचा गीझर तासभर सलग तापला की 1 युनिट.

भाडेकरू बदलत राहणाऱ्या घरमालकाने प्रीपेड घ्यावे, म्हणजे थकबाकी मागे उरत नाही. मावशीसारख्यांना मी पोस्टपेडच सुचवीन.