डीएस३२३१ घड्याळ मॉड्यूल: आपल्या उन्हात चालतंय का?

आपल्याकडं बोअरच्या मोटारीला टायमर बसवायचं खूळ लई वाढलंय, आणि दर दोन दिवसाला कुणीतरी विचारायलंय की अर्डुइनोत (प्रोग्रॅम टाकून चालवायचा छोटा बोर्ड) मिलिस हे वेळ मोजायचं फंक्शन आहे की, वेगळं घड्याळ कशाला. अहो मिलिस फक्त बोर्ड चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद गेले ते सांगतंय, लाईट गेली की परत शून्य, आणि समजा गेलीच नाही (जालन्याच्या शिवारात, हां!) तरी ३२ बिटचा आकडा साधारण ५० दिवसात भरतो अन् शून्यावर येतो. म्हणून सेलवर चालणारं आरटीसी, म्हणजे खरी वेळ ठेवणारी घड्याळाची चिप लागतेच, डीएस३२३१ ही त्यातलीच.

आत काय असतंय तर सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा (३२,७६८ हर्ट्झचा) बारका क्रिस्टल. हाच आकडा का, तर पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका, आणि काउंटर ते मोजत बसतो. एसटीएम३२एफ१०३ ह्या दुसऱ्या कंट्रोलर चिपमधल्या आरटीसीत तर तारीख-बिरीख काहीच नाही, नुसता ३२ बिटचा सेकंदांचा काउंटर, कॅलेंडर तुम्ही कोडमध्ये काढायचं. डीएस३२३१ मात्र तारीख, वार, लीप वर्ष सगळं स्वतः बघतो.

आता मुद्द्याचं. स्वस्तातली दुसरी घड्याळ चिप डीएस१३०७ वाईट नाही, पण तिचा साधा क्रिस्टल २५ डिग्रीला नीट चालतो, गरमी वाढली की मागं पडतो आणि थंडीतही मागंच पडतो, पुढं जात नाही. ४५ डिग्रीला १३-१४ पीपीएमची (दहा लाखात १३-१४ भागांची) घट, म्हणजे दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास, क्रिस्टलची मूळची चूक धरायची ती वेगळीच. डीएस३२३१ दर ६४ सेकंदाला स्वतःचं तापमान मोजून क्रिस्टल सावरून घेतो. ते तापमान आपल्यालाही वाचता येतंय, माझ्या पत्र्याच्या शेडातल्या स्टार्टरच्या पेटीत मे महिन्यात दुपारी ५१ दाखवत होतं! ४० डिग्रीपर्यंत ±२ पीपीएम, म्हणजे वर्षाला मिनिटभर, त्याच्यावर गरमीत ±३.५. मोटारीला एवढं लई झालं. फक्त चिपवर एसएन लिहिलंय का एम ते बघून घ्या, एम वाला ±५ पीपीएमचा असतो आणि दुकानदार दोन्ही एकाच नावानं देतात.

वैताग म्हणजे डीएस३२३१ ज्यावर बसवून विकतात त्या झेडएस-०४२ बोर्डाचं सेलचं सर्किट. ते चार्जिंगवाल्या एलआयआर२०३२ साठी केलंय आणि दुकानात मिळतो साधा सीआर२०३२, त्याला ५ व्होल्टवरून चार्ज करत बसलं तर सेल फुगतो, लीक होतो. डायोडजवळचा २०१ लिहिलेला रेझिस्टर सोल्डरिंग गननं काढून टाका, मग साधा सेल बिनधास्त टाका. एलआयआर टाकला तरी ५ व्होल्टवर ते चार्जिंग जरा जास्तच होतंय, म्हणून मी तर सरळ काढूनच टाकतो.

आणि कोडमध्ये लॉस्टपॉवर (घड्याळाची वीज मधे तुटली होती का ते सांगणारं फंक्शन) चेक करायचं सोडू नका. सेल मेला असंल तर लाईट आल्यावर हे २००० सालच्या १ जानेवारीपासून मोजायला लागतंय, मग रात्री २ ची पाळी असताना मोटार भर दुपारी सुरू. वीज तुटली होती असं निघालं की मोटार बंद ठेवा अन् लाल एलईडी लावा.

दोनशेच्या आतबाहेर मिळतं, ५ पैकी ४ स्टार, एक त्या चार्जिंगपायी कापला.