मानेच्या गाठीचा सीटी स्कॅन : वर्ध्यातल्या एका सेंटरचा अनुभव

मी आर्वी तालुक्यात आशा सेविका आहे. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या, मानेत उजवीकडे, जबड्याच्या कोनाखाली लिंबाएवढी गाठ आली. दुखत नव्हती, आणि मला त्याचीच धास्ती, कारण मामाजींची खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खायची सवय जुनी, म्हणून कॅन्सरची भीती. सोनोग्राफीत गाठ दिसली, पण ती आत कुठवर गेली ते कळेना. म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून औषधाचं इंजेक्शन, देऊन सीटी करायला सांगितलं.

सेंटरमधला तंत्रज्ञ मला फार आवडला. आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट बघितला, कारण कॉन्ट्रास्टमधलं आयोडीन किडनीवाटे बाहेर पडतं. शुगरची कोणती गोळी चालू आहे, दमा आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, सगळं विचारलं. कवळी काढायला लावली. तिच्या तारेमुळे चित्रात पांढरे पट्टे येतात. इंजेक्शन जाताना अंग गरम होईल, लघवी सुटल्यासारखं वाटेल, हेही आधीच सांगितलं. मग खांदे खाली ओढून म्हणाला, "बाबाजी, आता थुका गिळू नोका." गिळलं की गळा हलतो अन् चित्र बिघडतं. मामाजी निश्चिंत पडून राहिले. प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांचा.

रिपोर्टच्या खिडकीवर मात्र कोणी एक शब्द बोललं नाही. इंग्रजी कागद हातात दिला. त्यात 'मेटास्टॅसिस', म्हणजे पसरलेला कॅन्सर, हा शब्द वाचून माझ्या नवऱ्याचा चेहराच उतरला, मामाजी त्या रात्री जेवले नाहीत. त्याच ओळीत टीबीचाही उल्लेख होता, तो कोणी दाखवलाच नाही. हे मला अजून खटकतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून दाखवलं : गाठीची कडा पांढरी, मधला भाग काळा, म्हणजे आतलं मांस मेलेलं. शेजारची मोठी रक्तवाहिनी मोकळी. अशी गाठ टीबीतही दिसते, कॅन्सर पसरला तरी दिसते. नुसत्या स्कॅनवरून ठरवता येत नाही. म्हणून त्यांनी दुर्बिणीने घसा तपासला, सुईने गाठीतला नमुना काढला. सीबीनॅट या टीबीच्या तपासणीत टीबी निघाला. सरकारी औषधं सुरू आहेत, गाठ उतरते आहे.

सेंटरला पाचपैकी चार तारे. एक त्या खिडकीपायी कापला. जाताना क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा. स्कॅनची सीडी मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत.