दुकानातला कॉम्प्युटर, माजघरातला ॲम्प आणि मधली मातीची भिंत

आर्वी तालुक्यातलं आमचं गाव. घराच्या समोरच्या खोलीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, मागे माजघरात बाबांचा जुना ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर. गाणी सगळी दुकानातल्या कॉम्प्युटरवर आहेत: घरच्या कॅसेटी रेकॉर्ड करून घेतलेल्या, सीड्या फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलींत) उतरवलेल्या, आईची तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं वेगळ्या फोल्डरमध्ये. ऐकणारे मात्र माजघरात, आणि मधे दोन फूट जाडीची मातीची भिंत. दुकानातली गाणी वायरशिवाय माजघरातल्या ॲम्पपर्यंत पोचवायची जोडणी मागच्या पावसाळ्यात केली. आता कुलरचा अख्खा सीझन काढून झाला, म्हणून लिहितो.

आधी सरळ लांब वायर ओढली होती. ती उंदरांनी खाल्ली हा भाग सोडा, पण वायर धड होती तेव्हाही स्पीकरमधून सतत घूंऽऽ यायचं. कॉम्प्युटर एका बोर्डावर, ॲम्प दुसऱ्या, आणि अर्थिंग दोन्हीकडे सारखी नाही. अशा दोन वस्तू ऑडिओच्या वायरने जोडल्या की ती गुणगुण ठरलेलीच. वायरलेसचा पहिला फायदा मला इथे दिसला. मधली वायरच गेल्यामुळे घूं पण गेलं, त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागलं नाही.

मग ब्लूटूथ रिसीव्हर लावून पाहिला. स्वस्त असतो, ॲम्पच्या मागच्या लाल-पांढऱ्या सॉकेटात वायर खोचली की झालं. एसबीसी कोडेकवर, म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या ब्लूटूथच्या साध्या पद्धतीत, जास्तीत जास्त ३२८ केबीपीएसच्या (सेकंदाला किलोबिट) आसपास डेटा जातो, सीडीचा असतो १४११. आमच्या स्पीकरवर तो फरक कोणाला कळला नसता. अडलं दुसरीकडेच. ब्लूटूथची दहा मीटरची रेंज म्हणतात ती मोकळ्या जागेतली, आमच्या भिंतीपलीकडे आवाज तुटत तुटत जायचा. आणि ब्लूटूथवर कॉम्प्युटरचा झाडून सगळा आवाज जातो. पीक विम्याच्या फॉर्मात एखादा रकाना राहिला की विंडोजची 'टंग' भजनाच्या मधोमध माजघरात. बाबा तिथूनच ओरडायचे, "काऊन रे, कोनाचा फारम चुकवला?" गिऱ्हाईक समोर बसलेलं.

शेवटी वाय-फायवर आलो. कॉम्प्युटरवर लिरियन म्युझिक सर्व्हर टाकला, घरातल्या प्लेअरला वाय-फायवरून गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर. हा फुकट मिळतो. पूर्वी याचं नाव लॉजिटेक मीडिया सर्व्हर होतं, स्क्वीझबॉक्स नावाच्या प्लेअरसाठी बनलेला. ते प्लेअर बंद होऊन वर्षं झाली, पण वापरणाऱ्यांनी सॉफ्टवेअर जिवंत ठेवलं. ती गाणी घ्यायला माजघरात ॲम्पच्या मागे रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा बोटभर कॉम्प्युटर आणि त्यावर पीसीएम ५१०२ चिपचा छोटा डॅक बोर्ड, म्हणजे डिजिटल गाण्याचा ॲम्पला कळणारा सिग्नल करणारा. झीरोला हेडफोनचं भोकच नसतं, त्यामुळे डॅक लागतोच. दोन्ही नागपूरच्या सीताबर्डीतून आणले. पिना सोल्डर केलेल्या नव्हत्या, त्या आर्वीच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याने भिंग लावून बसवून दिल्या. "भाऊ, याची स्क्रीन कुठी हाय?" म्हणून दोनदा उलटंपालटं करून पाहिलं त्याने. डॅकचा आवाज दमदार आहे, ब्लूटूथच्या डबीला ॲम्पचं बटन जेवढं फिरवावं लागे त्याच्या निम्म्यातच काम होतं.

याला इंटरनेट लागत नाही, हे गावात कोणालाच पटत नाही. आमचं नेट दुपारी बरेचदा बसलेलं असतं, तरी माजघरात भजन चालू. गाणं कॉम्प्युटरवरून राउटरकडे आणि राउटरवरून पायकडे जातं, घराबाहेर पडतच नाही. राउटरला वीज असली म्हणजे पुरे. पुढच्या काही सेकंदांचं गाणं पाय आधीच ओढून ठेवतो, त्यामुळे वाय-फाय क्षणभर अडखळलं तरी कळत नाही.

खरी कसोटी लाईनीची. आमच्याकडे लाईन सांगून जात नाही, आणि असं अचानक बंद पडून पायचं मेमरी कार्ड खराब होतं, हे ज्यांनी साधं लिनक्स टाकलं त्यांना माहीत असेल. म्हणून पायवर पायकोअरप्लेअर घातलं आहे, फक्त गाणी वाजवण्यासाठी बनवलेलं छोटं लिनक्स. ते चालू होताना कार्डावरून रॅममध्ये उतरतं आणि तिथूनच चालतं. लाईन कितीही वेळा गेली तरी अजून कार्डाला काही झालेलं नाही. कॉम्प्युटर आणि राउटर यूपीएसवर आहेत, ॲम्प इन्व्हर्टरवर. यात एक गोष्ट आधी बघून घ्या. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर भुणभुणतो आणि स्पीकरमधूनही तेच येतं. साईन वेव्हचा असेल तर प्रश्न नाही. मोठा खर्च झाला तो याच अदलाबदलीत. पाय आणि डॅक त्यापुढे किरकोळ.

लाईन येऊन-जाऊन राउटर सुरू झाला की कॉम्प्युटरला कधी वेगळाच आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कातला त्याचा नंबर) देई. आईच्या मोबाइलवर सर्व्हरचं पान बुकमार्क करून दिलं आहे, शेवटी ९००० पोर्टवालं. ते मग उघडेना. राउटरच्या सेटिंगमध्ये कॉम्प्युटरचा पत्ता कायमचा राखून ठेवला, तेव्हापासून तिची तक्रार नाही. आता फोटो बघून भजन लावते, वाचायचीही गरज नाही.

चैत्र लागला आणि मधल्या खिडकीत कुलर बसला तशी नवी भानगड. दुपारी गाणं अडकायला लागलं, रात्री कुलर बंद केला तरी तेच. कुलरचा पत्र्याचा डबा आणि त्यातल्या ओल्या ताट्या नेमक्या राउटर आणि ॲम्पच्या सरळ रेषेत. पत्रा लहर परतवतो, पाणी शोषतं. राउटर उचलून दाराच्या चौकटीवर लावला, पायला फक्त २.४ गिगाहर्ट्झच कळतं म्हणून राउटरवरही तोच बँड चालू ठेवला, चॅनल बदलला. थांबलं. कुलरची मोटर सुरू होताना स्पीकरमध्ये 'टक' अजून येते, तिचा बोर्ड वेगळा करायचा राहिला आहे.

न जमणारंही सांगतो. ब्राउझरमध्ये यूट्यूबवर कीर्तन लावलं तर ते या रस्त्याने आपोआप मागे जात नाही. टीव्ही-सिनेमाचा आवाज तर विसराच, तो कित्येक सेकंद मागे राहील. बाबांना कीर्तन हवं असलं की मोबाइलला ऑक्सची वायर लावून देतो. घर एकाच खोलीचं असेल, स्लॅबचं असेल, तर एवढा खटाटोप करू नका, ब्लूटूथचा रिसीव्हर घ्या आणि मोकळे व्हा. दोन-चार खोल्यांचा जुना वाडा आणि स्वतःजवळ जमवलेली गाणी असतील तर हे घ्या, पण आधी इन्व्हर्टर कोणता आहे ते पाहा.