जर्मनीतल्या मास्टर्ससाठी पुण्यातली कन्सल्टन्सी : पॅकेजमधलं काय घ्यावं, काय सोडावं

डेक्कन, फर्ग्युसन रस्ता, औंध, बाणेर, कुठेही जा, परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या कचेऱ्या दिसतात आणि त्यांत जर्मनीचं नाव आता सगळ्यात ठळक असतं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्कच नाही, हे त्यामागचं मुख्य कारण. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून शुल्क सुरू केलं, मास्टर्सला सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो. बाकी बऱ्याच ठिकाणी सत्र-वर्गणी भरली की झालं.

हे परीक्षण एखाद्या कचेरीचं नाही. पुण्यात साधारण जे पॅकेज विकलं जातं, त्याचं आहे. त्यात कोर्सची शॉर्टलिस्ट, एसओपी (हा कोर्स का हवा हे सांगणारं पत्र) आणि शिफारसपत्रं, एपीएस (शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं प्रमाणपत्र), अर्ज भरणं, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी भरायचे आणि दरमहा ठरावीकच काढता येतील असं खातं), विमा आणि व्हिसाची फाइल एवढं येतं. आमचं मत आधीच सांगतो. कागदपत्रं तपासून घेण्याचे पैसे वसूल होतात. शॉर्टलिस्टचे क्वचित होतात. एसओपी लिहून घेण्याचे तर देऊच नयेत.

शॉर्टलिस्टपासून सुरुवात करू, कारण तिकडे जाऊन मुलाला काय मिळणार हे तिथेच ठरतं. बहुतेक कचेऱ्यांत टक्केवारी विचारतात, बॅकलॉग किती ते विचारतात आणि दहा विद्यापीठांची यादी हातात ठेवतात. जर्मन विद्यापीठ मात्र वेगळ्या दोन गोष्टी बघतं. पहिली म्हणजे गुणांचं जर्मन श्रेणीत रूपांतर, ज्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल उणे किमान उत्तीर्ण गुण यांनी भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. ७० टक्के असतील, कमाल १०० आणि पास ४० ला असेल, तर ३० भागिले ६० गुणिले ३ अधिक १, म्हणजे २.५. तिकडे १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर पास. अनेक कोर्सची मर्यादा २.५ असते, त्यामुळे ६५ टक्क्यांचे २.७५ झाले की तो अर्ज तिथे टिकत नाही. सीजीपीएचं गणित आणखी जपून करावं लागतं. ८ सीजीपीएला किमान ४ धरले तर २.० येतात, किमान ५ धरले तर २.२. म्हणून पास होण्याचा किमान ग्रेड पॉइंट गुणपत्रिकेच्या मागे किंवा ट्रान्सक्रिप्टवर स्पष्ट छापलेला हवा. नसेल तर विद्यापीठाकडून ग्रेडिंग पद्धतीचं पत्र घ्यावं. सल्लागारासमोर बसल्यावर हे सूत्र कागदावर मांडून दाखवायला सांगा. ज्याला ते मांडता येत नाही, त्याच्या यादीवर विसंबू नका.

दुसरी गोष्ट याहून मोठी आणि यादीत जवळजवळ कधीच नसते. ती म्हणजे विषयवार क्रेडिट. जर्मनीत वर्षाला ६० ईसीटीएस (क्रेडिट मोजण्याचं युरोपातलं एकक) धरतात आणि एका ईसीटीएसमागे साधारण ३० तासांचा अभ्यास. कोर्सच्या प्रवेश-नियमांत अशी अट असते की गणितात इतके, थिऑरेटिकल कॉम्प्युटर सायन्समध्ये इतके ईसीटीएस आधीच्या पदवीत झालेले हवेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या चार वर्षांच्या बी.ई.ला ढोबळ मानाने २४० धरून प्रमाण काढता येतं. पदवीची एकूण क्रेडिट १६० असतील, तर ४ क्रेडिटचा विषय साधारण ६ ईसीटीएसचा. आता आपल्या सगळ्या सत्रांतले गणिताचे विषय जमेला धरा, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन आणि अल्गोरिदम वेगळे धरा आणि अटीशी ताडून पाहा. कॉम्प्युटर आणि आयटीची मुलं इथे बहुधा तरून जातात. मेकॅनिकल किंवा ईअँडटीसी करून डेटा सायन्सकडे वळणारी मुलं इथेच अडकतात आणि नकार आल्यावर दोष टक्क्यांना देतात.

या पडताळणीसाठी विषयांचा तपशीलवार अभ्यासक्रम जोडावा लागतो. तो आपल्याच पॅटर्नचा, म्हणजे आपण शिकलो त्या अभ्यासक्रम-आराखड्याचा हवा. २०१५ च्या पॅटर्नचं पीडीएफ २०१९ च्या पॅटर्नच्या गुणपत्रिकेला लावलं, की विषयांचे कोड जुळत नाहीत आणि तपासणाऱ्याला ते विषय धरता येत नाहीत. चांगली कचेरी असा विषयवार तक्ता करून देते. तसं असेल तर तिची फी जरूर द्यावी, कारण ते काम खरोखर चार-पाच तासांचं आणि डोळ्यांत तेल घालून करायचं आहे.

आता सल्ला ‘मोफत’ असेल तर काय? जर्मन सरकारी विद्यापीठं प्रवेशासाठी एजंटला कमिशन देत नाहीत, खासगी विद्यापीठं देतात. म्हणून मोफत सल्ल्यातली यादी बर्लिन किंवा तत्सम शहरातल्या, वर्षाला हजारो युरो शुल्क असलेल्या खासगी संस्थांकडे झुकते. खासगी म्हणजे वाईट असं मुळीच नाही, पण संस्था राज्यमान्य आहे का हे आनाबिन या सरकारी सूचीत स्वतः पाहावं. तिथे ‘एच प्लस’ (मान्यताप्राप्त) असा शेरा हवा. आणि कोणत्या विद्यापीठांकडून तुम्हाला कमिशन मिळतं, हा प्रश्न पहिल्याच भेटीत सरळ विचारावा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

मूळ मुद्दा असा की फायदा कोर्सच्या आतल्या रचनेतून मिळतो आणि ती रचना मॉड्यूल हँडबुकमध्ये, म्हणजे कोर्समधल्या प्रत्येक विषयाची माहिती देणाऱ्या पुस्तिकेत छापलेली असते. मास्टर्स साधारण १२० ईसीटीएसची, त्यातले ३० थिसिसचे, म्हणजे सहा महिने एकाच प्रश्नावर काम. हा थिसिस विभागाबाहेर, एखाद्या कंपनीत किंवा फ्राउनहोफरसारख्या संशोधन संस्थेत करू देतात का? ऐच्छिक विषय दुसऱ्या विभागातून घेता येतात का? प्रयोगशाळेचा प्रकल्प सक्तीचा आहे का? दोन कोर्सचं नाव एकच असतं आणि या तीन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. परीक्षा बहुतेक सत्राच्या शेवटी एकदाच होते. आपल्यासारखे इंटर्नल मार्क आणि टर्मवर्कचा आधार तिथे फारसा नसतो. एका पेपरला बहुतेक ठिकाणी तीनच संधी असतात, आणि तिसरीही गेली तर त्या कोर्समधून नाव कमी होऊ शकतं. केटी ठेवून पुढे सरकायची सवय घेऊन जाणाऱ्या मुलाला हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. ते सांगणारा सल्लागार भेटला तर त्याला धरून ठेवा. याच व्यवस्थेत मूल स्वतःचं वेळापत्रक आखायला, प्राध्यापकाला थेट प्रश्न विचारायला आणि अर्धवट समजलेलं पुन्हा मुळापासून वाचायला शिकतं. आमच्या मते पदवीच्या कागदापेक्षा ही कमाई जास्त टिकते.

अर्जात सर्वाधिक घोळ नावाचा होतो आणि तो खास महाराष्ट्राचा आहे. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, शिवाय आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव आहे, कधी नाही. अर्जात, एपीएसमध्ये, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आणि विम्यात सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने लिहावं. स्पेलिंगच वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्र आधी करून ठेवावं. इथे कचेरीतल्या अनुभवी माणसाची नजर खरंच कामी येते.

एपीएस प्रमाणपत्र भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, शुल्क १८,००० रुपये. हा अर्ज स्वतः भरणं अवघड नाही. बहुतेकांचं अडतं ते केटीच्या गुणपत्रिकांवर. नापास झालेल्या प्रयत्नाची आणि नंतर पास झालेल्याची, अशा सगळ्या जोडाव्या. एखादी हरवली असेल तर डुप्लिकेटसाठी विद्यापीठात आधीच अर्ज टाकावा. प्रमाणपत्र यायला काही आठवडे लागतात, म्हणून कोर्सचे अर्ज उघडण्याआधी हे हातात हवं. हिवाळी सत्राची सर्वसाधारण शेवटची तारीख १५ जुलै असली तरी युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी काही कोर्स १ मार्चला, काही ३१ मेला बंद होतात. कचेरीने एकच तारीख सगळ्यांना लावली असेल तर प्रत्येक कोर्सचं पान स्वतः उघडून पाहावं.

युनि-असिस्टमार्फत (अनेक जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो लागतात. सहा अर्जांचे २२५ युरो झाले. ही रक्कम पॅकेजमध्ये धरली आहे की वेगळी, ते लेखी घ्यावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अर्जाचा ईमेल आणि पासवर्ड विद्यार्थ्याकडेच असावा. काही कचेऱ्या स्वतःचा ईमेल बनवून त्यावरून नोंदणी करतात. मग ‘अमुक कागद कमी आहे, इतक्या दिवसांत पाठवा’ असा निरोप मुलापर्यंत पोचतच नाही, मुदत उलटते आणि वर्ष जातं. ईमेल-पासवर्ड मुलाकडे ठेवणं मान्य नसेल तर त्या कचेरीतून उठावं.

एसओपीबद्दल थोडक्यात. साच्यातून काढलेलं पत्र वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच कळतं, कारण त्यात कोर्सच्या एकाही मॉड्यूलचं नाव नसतं. बी.ई.च्या प्रकल्पात नेमकं काय केलं, कुठे अडलं आणि त्या कोर्समधला कोणता विषय त्यासाठी हवा आहे, हे मुलाने स्वतः एका-दोन पानांत लिहावं. व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही.

भाषेचा भाग पॅकेजमध्ये जोडून विकतात. त्याचा विचार वेगळा करावा. पुणे याबाबतीत नशीबवान आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, बोट क्लब रस्त्यावर मॅक्सम्युलर भवन आहे. पुरावा म्हणून विद्यापीठं सहसा गोएथे (मॅक्सम्युलर भवन ही त्याचीच शाखा), टेल्क किंवा टेस्टडाफ या जर्मन परीक्षांचं प्रमाणपत्र मागतात, त्यामुळे शिकायचं कुठेही असलं तरी परीक्षा यांपैकी द्यावी. गोएथेची बी१ (मध्यम पातळीची) परीक्षा वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण अशा चार स्वतंत्र भागांची असते, प्रत्येकात ६० गुण लागतात आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. कोर्स इंग्रजीत आहे म्हणून जर्मन नको, असं सांगणारा सल्लागार मुलाचं नुकसान करतो. वर्गात इंग्रजी चालेल, पण कंपनीतला थिसिस, वर्किंग स्टुडंटची नोकरी आणि घरमालकाशी बोलणं हे बी१ नंतरच सोपं होतं. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. या दोन्ही सवलती भाषा असेल तरच पुरत्या वापरता येतात. आणि परत यायचं ठरवलं तरी चाकणला फोक्सवागन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने आहेतच. तिकडच्या मुख्यालयाशी थेट बोलू शकणाऱ्या इंजिनिअरला तिथे वेगळं महत्त्व असतं.

ब्लॉक्ड अकाउंट सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरोचं आहे, त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. खातं ऑनलाइन उघडतं. पैसे आपल्या बँकेतून ए२ फॉर्म भरून पाठवायचे. परदेशी मध्यस्थ बँक मध्येच काही युरो कापू शकते, म्हणून थोडे जास्त पाठवावे किंवा सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे असा पर्याय निवडावा. रक्कम दहा युरोंनी कमी पोचली तरी पुष्टीपत्र अडकतं. खोलीचं भाडं म्युनिक, फ्रँकफर्टसारख्या शहरांत या ९९२ मधला मोठा वाटा खाऊन टाकतं. तेव्हा प्रवेशपत्र येताच त्याच दिवशी विद्यार्थी-वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत नाव टाकावं. हे पॅकेजमध्ये नसतं आणि मुलं ऑगस्टपर्यंत थांबतात.

व्हिसा शुल्क ७५ युरो आहे. पुणे शहर मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतं. नकार आला तर पूर्वी फेरविचाराचं पत्र लिहिता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे. आता नवा अर्ज किंवा बर्लिनच्या न्यायालयात दाद, एवढेच मार्ग उरतात. म्हणून पॅकेजमध्ये ‘व्हिसा नाकारल्यास अपील मोफत’ असं अजूनही छापलेलं असेल, तर ती कचेरी नियम वाचत नाही असं समजावं.

करार करताना फी तीन हप्त्यांत मागावी : विषयवार तक्ता मिळाल्यावर, अर्ज दाखल झाल्यावर आणि व्हिसाची फाइल तयार झाल्यावर. प्रवेश न मिळाल्यास काय परत मिळेल, हे रकमेसह लिहून घ्यावं. पूर्ण पॅकेज नको असेल तर फक्त तक्ता आणि फाइल-तपासणी एवढंच घ्यावं. पुण्यातल्या काही कचेऱ्या तासावर फी घेऊन हे करतात. नियमित वाचणाऱ्या, फॉर्म भरायला न घाबरणाऱ्या मुलाला तेवढं पुरतं.